टेस्टिली, आणि दहावी विहीर

शेवटचं वसकन कुणाच्या अंगावर ओरडलात, आणि तो माणूस तेव्हा काय सांगत होता, आठवतं का तुम्हाला? मला पहिलं आठवत होतं. दुसरं कळायला दीड वर्ष लागलं.

आमचं घर नागावच्या वाडीतलं. बाबा शाळामास्तर, पण त्यांचा खरा जीव चळवळीच्या पत्रकांत. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. घरात एक रीत होती. पत्रक छापायला देण्याआधी पडवीत सुपारी सोलायला बसणाऱ्या बायकांना ते मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यांना जे पटलं नाही, ते बदलायचं.

माझं पहिलं मोठं पत्रक पाण्यावर होतं. पर्यटकांसाठी खोल्या वाढल्या, दिवसभर पंप चालू लागले आणि विहिरी मचूळ झाल्या. मी नऊ विहिरींची यादी केली होती. यादी वाचून पुढच्या परिच्छेदावर आले, तो सगळ्यांत जुनी काकू हात थांबवून म्हणाली, "बाय, थांब जरा. आमच्या आळीची..."

"काकू, आधी पुरतं ऐकून तर घ्या! मधेमधे काय?"

शेजारची हसली. "गप ऱ्हा गो, बाईसाहेबांचं भाषण चाललंय."

"वाच बाय, वाच," काकू म्हणाली आणि पुन्हा सुपारी सोलू लागली. श्रमिकांच्या आवाजाविषयीचा परिच्छेद मी तिच्यासमोरच वाचला. चांगला दणक्यात वाचला.

पत्रक गाजलं. पाणी तपासायला आलेल्यांनी तीच यादी हातात धरली. त्या नऊ ठिकाणी गोड्या पाण्याचे नळ आले. मी खूश होते.

मध्यंतरी एक इंग्रजी गोष्ट मराठीत आणताना 'टेस्टिली' (testily) हा शब्द अडला. गोष्टीतला साहेब नोकराला तसं उत्तर देतो. चिडून? त्रासून? एकही पुरेसा वाटेना, म्हणून मोठा कोश उघडला. शब्दाचं मूळ 'डोकं' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात. आधी अर्थ होता हेकट, आपल्याच डोक्याने चालणारा. पुढे अर्थ आकसत गेला, आणि उरली ती अधीर, क्षुल्लक गोष्टीवरची चिडचिड. जुन्या कादंबऱ्यांत हा शब्द मला बहुतेकदा एकाच जागी भेटला होता: कामात असलेल्या मोठ्या माणसाला धाकट्याने मधेच काही विचारलं की. नोकर साहेबाला टेस्टिली बोलल्याचं मला काही आठवेना.

मराठीत कसं म्हणावं, याचा विचार करताना कानात माझाच आवाज आला. "मधेमधे काय?"

मी काकूच्या आळीत गेले. ती दोन हंडे घेऊन येत होती, वरच्या अंगाच्या नळावरून. तिच्या दारापुढे विहीर होती, माझ्या यादीत नसलेली. मी पोहरा सोडून पाणी तोंडात घेतलं. मचूळ.

"काकू, त्या दिवशी हेच सांगत होतात?"

"दुसरं काय सांगणार? नाच शिकवणार होते तुला?"

"मग पुन्हा का नाही बोललात?"

तिने हंडे खाली ठेवले. "तू घाईत होतीस, बाय."

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तत्त्वनिष्ठा म्हणून मी जे मिरवत होते, त्यात कितीतरी नुसता हेकटपणा होता, आणि त्याच्या गोंगाटात एका बाईचं एक वाक्य पुरं झालं नाही. दीड वर्ष तिने पाणी वाहिलं. दहाव्या विहिरीचं पत्रक मी त्याच दिवशी लिहिलं, तिच्या पायरीवर बसून, ती सांगेल तसं. नळ अजून आलेला नाही. भाषांतरात त्या शब्दाची जागाही अजून कोरीच आहे.

तुमच्याकडे एवढंच मागते. ज्याला तुम्ही मधेच तोडलंत, त्याच्याकडे आज जा. माफी नंतर मागा. आधी विचारा, "तेव्हा तुम्ही काय सांगत होतात?" आणि पुरतं ऐकून घ्या.