गुळगुळीत भिंत

कचरा जाळून उरलेल्या राखेचे ब्लॉक पाडणाऱ्या कारखान्यात मुकादमाला सगळे पारखी म्हणत. ब्लॉकला टिचकी मारून तो आतून पोकळ की भरीव हे सांगे आणि सांगून झालं की चारचौघांकडे बघे. कौतुकाची भारी भूक त्याला.

राख दोन तऱ्हेची. भट्टीच्या तळाची जाडीभरडी. ती महिनोन् महिने उघड्यावर मुरवून, तपासून सिमेंटात घालायची. दुसरी धुराड्याच्या गाळणीत अडकलेली, पिठासारखी. सगळं विष तिच्यात, म्हणून ती ब्लॉकात घालायचीच नाही. पारख्याला हे तोंडपाठ होतं. पटलं मात्र कधीच नव्हतं.

एकदा चुकून गाळणीची राख मिश्रणात गेली. तपासणाऱ्या मॅडमनी त्या खेपेच्या ब्लॉकांवर लाल पट्टे मारले. पण ब्लॉक काय देखणे! गुळगुळीत, कोपरे सुरेख, टिचकीला खणखणीत. पारख्याचा जीव हळहळला.

"मॅडम, असला माल जन्मात पाहिला नाही. आणि तुम्ही फेकायला सांगता?"

"दिसण्यावर जाऊ नका, मामा. यात शिसं आहे. भुकटी निघाली की पोटात जाणार."

"पुस्तकं वाचून शहाणपण पाजळतात," तो बाहेर येऊन म्हणाला. सगळे हसले. तेवढ्यावर स्वारी खूश.

त्याच सुमारास त्याची लेक रांगत्या मुलीसाठी घराला खोली जोडत होती. टाकाऊ माल हलवायचं काम पारख्याकडेच होतं. त्याने लाल पट्टे घासून काढले आणि टेम्पो भरून ब्लॉक लेकीच्या दारात उतरवले. भिंत इतकी सुबक उभी राहिली की लेकीने गिलावाही केला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या बाबांनी निवडून दिलेत." पारखी मिशीत हसायचा. नात त्या भिंतीला धरून उभी राहायला शिकली, नखांनी ती खरवडायची आणि बोटं चोखायची.

वर्ष सरलं तरी पोरीच्या अंगी काही लागेना. चेहरा पांढराफटक, शिकलेले दोन शब्दही विसरली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि घरात शिसं कुठून येतंय ते विचारलं.

"बाबा, ते ब्लॉक कुठले?" लेकीने विचारलं.

पारख्याने भिंतीकडे पाठ फिरवली. लेक काय ते समजली.

भिंत पाडायला माणसं आली. तोंडाला मास्क बांधून, पाणी मारत मारत ती एकेक ब्लॉक उतरवत होती. पारखी मदतीला गेला, तर त्यांनी त्याला बाजूला उभं केलं. समोर शेजारणीच्या दारात लेक मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तो तिकडे वळला. आजोबा दिसताच नात दोन्ही हात पसरून झेपावली.

लेकीने तिला मागे ओढलं. "तुमच्या हातात नाही देणार, बाबा."

"अगं, कपडे बदलून येतो."

"कपड्यांचं नाही म्हणत मी," लेक म्हणाली आणि रडणाऱ्या मुलीला घेऊन आत गेली.