तीन पांढरे कागद

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या तक्त्यात तीन आकडे खोटे आहेत. इतकी वर्षं बोललो नाही. आता विचारणारंही कोणी उरलं नाही, म्हणून सांगतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी फणसवाडीत राहायचो आणि माटुंग्याच्या एका प्रयोगशाळेत हवेच्या रसायनावर संशोधन करायचो. विषय होता परळच्या गिरण्यांचा धूर. यंत्र म्हणजे काय, तर एका चाळीच्या गच्चीवर ठेवलेला पत्र्याचा मोठा डबा. तो पाण्याने काठोकाठ भरायचा, खालची तोटी किंचित सैल सोडायची. पाणी ठिबकत गेलं की वरून हवा आत ओढली जाई आणि वाटेतल्या गोल पांढऱ्या कागदावर काजळी धरे. रोज सकाळी आठला कागद बदलायचा, डाग किती काळा ते पट्टीवरच्या छटांशी ताडून बघायचं आणि वहीत आकडा मांडायचा. आमचे गाइड बजावत, "वर्षभरात एकही खाडा नको. खाडा पडला की संशोधन संपलं."

पाणी द्यायची वरच्या मजल्यावरची एक मालवणी काकी. चाळीच्या नळाला पहाटे जेमतेम तासभर पाणी, तरी त्यातल्या दोन कळशा माझ्या डब्याला. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला दमा होता. समोरच्या गिरणीची चिमणी बुटकी, धूर थेट त्यांच्या खोलीत शिरायचा. चिमणी उंच करायला लावा, असा अर्ज चाळीने सरकारकडे केला होता आणि पुरावा म्हणून माझी वही दाखवायची ठरली होती. काकी म्हणायची, "मास्तर, तुमच्या वहीन माज्या चेडवाक जरा श्वास घेवक गावतलो."

मग शहरात गोळीबार झाला. कर्फ्यू लागला, गिरण्यांचे भोंगे थांबले. फणसवाडीत गॅलरीत उभं राहायचीही चोरी. मी तीन दिवस घरात अडकलो. सांगायला लाज वाटते, बाहेर माणसं मरत होती आणि मी खाड्याच्या काळजीने मरत होतो.

चौथ्या दिवशी चालतच परळ गाठलं. काकीने बिस्किटांच्या डब्यातून तीन कागद काढले. "रोज आठाक बदललंय. पाणी पण भरलंय, पिवच्यातला राखून."

कागद जवळजवळ कोरे होते.

मी मनात हसलो. म्हटलं, कर्फ्यूत हिला पाणी कुठलं! डबा कोरडाच राहिला असणार आणि आता बाई माझं मन राखतेय. तोंडावर "बरं बरं" म्हणालो. प्रयोगशाळेत आल्यावर कागद केराच्या टोपलीत टाकले आणि त्या तीन तारखांपुढे आधीच्या आठवड्याची सरासरी लिहून मोकळा झालो. खाडा नाही, गाइड खूश! गिरण्याच बंद होत्या, तर काजळी येणार कुठून, हे माझ्यासारख्या दीडशहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता.

महिनाभरात अर्जाची चौकशी लागली. चाळीच्या चौकात टेबल मांडून साहेब बसले. गिरणीच्या माणसाने माझी वही चाळली आणि नेमकं कर्फ्यूच्या तारखांवर बोट ठेवलं.

"साहेब, हे तीन दिवस आमची चिमणी थंड होती. आकडे बघा, जसेच्या तसे. मग धूर आमचा कसा? ह्यांच्याच शेगड्यांचा!"

साहेबांनी मला विचारलं, "नोंदी तुमच्याच ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.  मी "हो" म्हणालो.

काकी लेकीचा हात धरून पुढे आली. "मास्तर, माजे कागद पांढरे होते मां? सांगा ना त्यांका."

"काय म्हणतायत बाई?" साहेबांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर वही गेली असती, पदवी गेली असती, गाइडनी दारात उभं केलं नसतं. पण चिमणी कदाचित उंच झाली असती. एवढं सगळं त्या क्षणी मला कळत होतं. न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "त्यांना यातलं कळत नाही."

अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चोरासारखा गच्चीवर गेलो. डबा काठोकाठ भरलेला होता. त्यानंतरही रोज भरलेलाच असायचा. काकी माझ्याशी बोलेनाशी झाली, पण पाणी तिने तोडलं नाही.

थंडीत धूर खाली बसतो. ती थंडी सरायच्या आत पोर गेली. त्या दिवशीचाही कागद मी बदलला. जिन्यात बायका रडत होत्या आणि मी त्यांच्यामधून वाट काढत वर गेलो. आदल्या सकाळी काकीने भरलेलं पाणी पुरतं ठिबकून गेलं होतं आणि कागदावरचा डाग वर्षातला सगळ्यात काळा होता. तो आकडाही चौथ्या तक्त्यात आहे. तो मात्र खरा आहे.