नाकवाल्या बाईंचा तास

शाळेत त्यांना नाकवाल्या बाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. आवडणारच की! प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकलं की बाई सांगायच्या, कोणत्या बाटलीचं बूच सैल राहिलंय आणि मागच्या बाकावर कोण लिमलेट चघळतंय. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण शिकवायच्या अशा, की मठ्ठातली मठ्ठ पोरगीही कान टवकारून बसायची. "पदार्थाचे गुणधर्म पुस्तकात नसतात गं," त्या म्हणायच्या. "डोळे उघडे ठेवा, वास घ्या. मी सांगते म्हणून लिहाल, तर याद राखा!"

आणि नेमका त्याच बाईंचा वास गेला.

थंडीत ताप आला होता, साधाच. ताप उतरला, सर्दी गेली, पण वास काही परत आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता उन्हाळा लागला. एकदा घरी दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं. बाई तिथेच पाठ करून भाजी चिरत होत्या. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला.

"अगं, घरभर वास सुटलाय! तुला येत नाही का?"

"तंद्री लागली होती."

पण नवरा काय ते समजला. "मुख्याध्यापिकांना सांगून टाक. तिथे गॅस आहे, आम्लं आहेत. जिवाशी खेळ नको."

"सांगू? म्हणजे ग्रंथालयात बसवतील मला, धूळ झटकायला! प्रयोगशाळा गेली तर माझं उरलं काय?" बाईंचा आवाज चिरकला. खरं तर नवऱ्यानं तेव्हा हट्ट धरायला हवा होता, पण बाईंपुढे हट्ट धरायची टाप कुणाची?

बाईंनी मग एक युक्ती काढली. परीक्षानळी मुलींपुढे फिरवायची आणि विचारायचं, "सांगा बघू, वास कसा आहे?" मुली सांगत, "कुजक्या अंड्यासारखा!" बाई मान डोलावत. बाई हल्ली आपल्याला विचारतात म्हणून मुली खूश. वर्गभर नाकं असताना एक नसलं म्हणून काय बिघडतं, असं बाईंनी स्वतःला पटवलं होतं.

त्या दिवशी भौतिक आणि रासायनिक बदलांचा धडा होता. बाईंनी मेण वितळवून पुन्हा थिजवून दाखवलं. कागद फाडला, मग दुसरा जाळला. "फाडला तरी कागदच. आता या राखेचा कागद करून दाखवा, पैकीच्या पैकी मार्क देते!" वर्ग हसला. आता साखर तापवायची. बाईंनी बर्नरची चावी उघडली, काडी ओढली. काडी सर्दावलेली. दुसरीही तशीच. "या शाळेत एक काडी धड पेटेल तर शपथ!" असं चरफडत त्या कपाटाकडे गेल्या. चावी उघडीच राहिली. कपाटात नवी काडेपेटी सापडता सापडेना.

पुढच्या बाकावरची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, चुळबुळली. "बाई, गॅसचा वास येतोय."

वाकून चावी बघायची, एवढंच करायचं होतं. पण सगळा वर्ग आपल्याकडे टक लावून बघतोय, आपलं बिंग फुटलं, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

"कसला वास? मला तर नाही येत. येतोय का गं कुणाला?"

"नाही, बाई!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंना हायसं वाटलं. एवढ्या जणी खोटं थोडंच बोलतील? चिमणीनं खाली मान घातली. बाईंनी नव्या पेटीतली काडी काढली.

"बाई, थांबा!" प्रयोगशाळेचे शिपाई मामा व्हरांड्यातून ओरडतच आत घुसले. त्यांनी काडी हिसकावली, चावी बंद केली आणि धडाधड खिडक्या उघडल्या. "बाहेरपर्यंत वास येतोय! व्हा सगळ्या बाहेर!"

मैदानात मुली रांगेत उभ्या राहिल्या. एकेका मुलीचा चेहरा बघताना बाईंना भडभडून येत होतं.

"खरं सांगा. वास येत होता?"

आधी चिमणीचा हात वर झाला. मग तिच्या शेजारणीचा. मग सगळ्यांचे.

"मग नाही का म्हणालात गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, बाई, येत नाही म्हणून."

बाई म्हणाल्या, "मला वास येतच नाही, मुलींनो. थंडीपासून. मी तुमच्यापासून लपवलं."

कुणी हसलं नाही. चिमणीनं हळूच विचारलं, "परत येईल ना, बाई?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द वर्गानं कधी ऐकले नव्हते. त्यांनी कमरेची प्रयोगशाळेची किल्ली सोडवली, मामांच्या हातात दिली आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे चालू लागल्या.