चौथा फॉर्म

आमच्या घरात तीन माणसं राहत होती आणि फॉर्म चार भरले गेले.

घर टोकियोला लागून असलेल्या उरायासुतलं. मोठ्या भूकंपात इथली जमीन चिखलासारखी झाली, मग पुन्हा घट्ट झाली; आमची इमारत मात्र किंचित कललेलीच राहिली. स्वयंपाकघराचं दार आपोआप उघडायचं. उघडलं की आम्ही "या, बसा" म्हणायचो. (गमतीने. तोपर्यंत तरी.)

लोक फावल्या वेळात काय करतात याची सरकारी पाहणी सुरू होती आणि त्यात आमचं घर निवडलं गेलं. हायाशी-सान नावाच्या वयस्कर बाई फॉर्म देऊन गेल्या. प्रत्येकाने दोन दिवसांची, पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद करायची. शिवाय वर्षभरातले खेळ आणि छंद लिहायचे. तिघांचे तीन फॉर्म, आणि एखादा खराब झाला तर म्हणून एक जास्तीचा.

मी बारा वर्षं पुण्यात बातमीदार होतो. पदरचं काही घालायचं नाही, हे अंगात मुरलेलं. पण 'खेळ' हा रकाना कोरा ठेवला तर देशाची मान खाली जाईल, असं वाटलं. (आपल्या देशाची.) म्हणून टेनिस लिहिलं. मग पोहणं. मग बासरी! शेवटी 'संध्याकाळी सहा ते सात, मुलीबरोबर बॅडमिंटन'. सहा वाजता मी टोकियोत ऑफिसात असतो.

अकरा वर्षांच्या इराने सगळे फॉर्म गोळा करून लिफाफ्यात घातले. रविवारी दुपारी हायाशी-सान आल्या, त्यांनी फॉर्म मोजले.

"चौघांचे मिळाले. आभारी आहे."

"तिघांचे," मी म्हणालो.

"चौघांचे," त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या आणि चौथा माझ्यासमोर सरकवला.

पेन्सिलीने लिहिलेलं जपानी. अक्षर अनोळखी. मी बायकोला, मंजिरीला, मराठीत वाचून दाखवू लागलो.

"पहाटे पावणेसहा: अंधारात उभा असतो. सहा: आवाज न करता दार लावतो. नंतर दिसत नाही. रात्री सव्वादहा: स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. दिवा लावत नाही. साडेदहा ते पावणेबारा: अंधारात बसतो. चेहरा निळा. कोणाशी बोलत नाही. खेळ: नाही. छंद: नाही."

स्वयंपाकघराचं दार हळूहळू उघडलं. कोणीही "या" म्हटलं नाही.

"मंजिरी," मी म्हणालो, "या घरात अजून कोणीतरी राहतंय."

"राहतंय कसलं? येऊन-जाऊन असतं," ती शांतपणे म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आठ वर्षं झाली की."

"आणि तू त्याला काही विचारलं नाहीस?"

"विचारते ना. 'उद्या बोलू' म्हणतं."

"मराठीत?"

"पुण्याचं आहे ते."

इतक्यात इरा खोलीतून बाहेर आली. "बाबा, तो फॉर्म मी भरलाय. तुझा."

(मुलीचं जपानी अक्षर मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.)

"अगं, माझा मी भरला होता!"

"तो टेनिसवाला? त्याला मी ओळखत नाही. पण तू लिहिलंयस म्हणजे असेल कुठेतरी. शाळेत सांगितलंय, सगळ्यांची नोंद झाली पाहिजे. म्हणून दोघांचे दिले."

"पण साडेदहाला तू झोपलेली असतेस ना?"

"नसते," इरा म्हणाली. "बाबा, तो बॅडमिंटनवाला कधी येणार आहे?"

हायाशी-सान यांना मराठीतलं एक अक्षरही कळलं नव्हतं. दोन फॉर्म एकाच माणसाचे आहेत, एवढंच मी त्यांना जपानीत सांगितलं. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "कुटुंबात माणसं तीन आहेत. एक फॉर्म रद्द करावा लागेल. माफ करा, पण या दोघांपैकी इथे कोण राहतं?"

मंजिरी माझ्याकडे बघत होती. इराही. मी पेन घेतलं आणि पोहणाऱ्या, बासरी वाजवणाऱ्या त्या उमद्या माणसावर स्वतःच्या हाताने काट मारली. हायाशी-सान कमरेतून खोल वाकल्या. दुखवट्याला वाकतात तशा.

जपान सरकारच्या दप्तरी आमच्या घरात दोन माणसं आणि एक भूत आहे. त्याच संध्याकाळी सहा वाजता भूत रॅकेट घेऊन इराबरोबर खाली उतरलं. पंधरा मिनिटांचा एक रकाना तरी खरा भरायचा होता. अकराव्या मिनिटाला ते कंबर धरून आडवं झालं!