पंधरा उंटांपुढचा माणूस

लाल चाचांनी पंधरावा उंट टेबलावर ठेवला आणि गोंदाच्या ट्यूबला टोपण लावलं.

"ये मैं नहीं चिपकाऊँगा," ते म्हणाले.

डिलिव्हरीला नऊ दिवस होते. मी विचारलं, का?

"ये ऊँट इधर का है. उधर का नहीं है."

आमचं वर्कशॉप कुवेतमध्ये, राई नावाच्या भागात आहे. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला गाड्यांचं डेंटिंग. मधल्या शेडमध्ये आम्ही मॉडेल बनवतो. कधी इमारतीचं, कधी रिफायनरीतल्या एखाद्या युनिटचं. मी आर्किटेक्ट. ड्रॉइंगवरून कॉम्प्युटरवर फाइल बनवते, ती थ्रीडी प्रिंटरवर जाते, आणि प्रिंटरमधून निघालेले राखाडी तुकडे लाल चाचा रंगवून बसवतात. ते बलुचिस्तानातले, बावीस वर्षं कुवेतमध्ये. दोन केसांच्या ब्रशने माणसाच्या शर्टाला बटणं काढतात.

काम एका प्रदर्शनाचं होतं. विषय, वाळवंटातल्या शहरांनी पाणी कुठून आणलं. एक मॉडेल जुन्या कुवेतचं, दुसरं कालगुर्लीचं. कालगुर्ली हे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे सोनं सापडलं. गोल्ड रश म्हणतात ती गोष्ट इतकीच की एका बातमीवर हजारो माणसं उठून एका जागी जातात आणि तिथे काय नाही याचा विचार पोचल्यावर करतात. कालगुर्लीत पाणी नव्हतं. खाऱ्या तळ्यांचं पाणी उकळून, वाफ थंड करून पीत. त्यासाठी मैलोगणती झाडं तोडली. तरी पुरेना. विषमज्वराने माणसं मेली. पुढे सरकारने किनाऱ्याजवळच्या डोंगरातून पाचशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन टाकली. त्याच्या आधीच्या वर्षांत पाणी, पीठ, अवजारं बरीचशी उंटांवरून येत. आमचं मॉडेल त्याच वर्षांचं. तंबू, पत्र्याची घरं, पाणी उकळण्याच्या टाक्या, खाणीच्या तोंडावरचा लाकडी सांगाडा आणि पंधरा उंटांची रांग.

स्केल एकास पन्नास. खऱ्या जगातला अर्धा मीटर म्हणजे मॉडेलवर एक सेंटिमीटर. उंट चार सेंटिमीटरचा, माणूस साडेतीन.

उंट मी नव्याने बनवले नव्हते. गेल्या वर्षी एका वाळवंटी कॅम्पचं मॉडेल केलं होतं, त्याचीच फाइल उघडली. त्यात उंटांबरोबर दिशदाशा, म्हणजे अरबी लांब झगे घातलेली माणसं होती. कपडे ऑस्ट्रेलियाला चालणार नाहीत, म्हणून माणसं डिलीट केली. उंट ठेवले. ड्रॉइंगमध्येही 'उंटांची रांग, पंधरा नग' एवढंच लिहिलेलं होतं.

"इसके मुँह पे देखो," चाचा म्हणाले. "रस्सी मुँह पे है. इधर ऐसा बाँधते हैं. हमारे उधर नाक में लकड़ी डालते हैं. उसमें पतली डोरी, डोरी अगले ऊँट की काठी को. पतली क्यों? ऊँट गिरा तो डोरी टूटे, नाक ना टूटे. तभी एक आदमी पंद्रह ऊँट ले जाता है. ये पंद्रह किसके पीछे चल रहे हैं, बेटी? हवा के?"

म्होरकी आणि वेसण. हा फरक नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला कोणी सांगायला नको होता. मी पाहिलंच नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत की तिथे नाकात लाकूड होतं?"

"मेरे दादा का चाचा गया था. कराची से जहाज में, ऊँट के साथ. गाँव में आज भी हमारे घर को आस्ट्रेलियावाले बोलते हैं. अंदर किसी ने आस्ट्रेलिया देखा नहीं, मगर नाम वही है."

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी घरी बसून वाचलं. चाचांचं खरं होतं. हे उंटवाले बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान इथले. तिकडे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. बरेचसे कराचीहून गेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शहर त्यांनी जगवलं, पण आशियाई माणसाला खाणीचा परवाना मिळत नसे. सोन्यापर्यंत पाणी न्यायचं, सोन्याला हात लावायचा नाही. त्यांची वस्ती गावाबाहेर.

माझे वडील सातपूरला कारखान्याच्या युनियनचे सेक्रेटरी होते. लहानपणी मी पत्रकांच्या घड्या घालत असे. ते म्हणायचे, पत्रकात आधी माणूस लिहायचा, मग मागणी. मी रविवारी ऑफिसला गेले ती मागणी घेऊनच.

सामंतसाहेब आमचे मॅनेजर. मालवणचे, कुवेतमध्ये तीस वर्षं.

"काय गो, सकाळी सकाळी तोंड असं?"

मी सांगितलं. उंट नव्याने प्रिंट करायचे, आणि दोन उंटवाले, फेटे बांधलेले. एक रांगेच्या पुढे, एक मागे.

"उंट तुझी चूक, ते कर. माणसं ड्रॉइंगमध्ये आहेत?"

"नाहीत."

"मग ते व्हेरिएशन."

व्हेरिएशन म्हणजे मंजुरी मिळाल्यावर केलेला बदल. आमच्या धंद्यात हा शब्द कुणाला आवडत नाही.

"साहेब, उंट काय आपापले चालत गेले?"

"समताबाई, इथे तुमच्या वडिलांच्या कारखान्याचं गेट नाही. आपण मॉडेल बनवतो. इतिहास दुसरं कोणीतरी बनवून पाठवतं." मग जरा थांबून म्हणाले, "कमेंट शीट वाचलीस कधी नीट?"

नव्हती वाचली. कमेंट शीट म्हणजे क्लायंट तपासायला येतो तेव्हा भरायचा कागद. त्यात दोन रकाने. टेक्निकल आणि कंटेंट. टेक्निकलमध्ये मोजमाप, रंग, जमिनीचा चढउतार, चुकीची दुरुस्ती. ते क्लायंटचा माणूस जागच्या जागी सही करून मोकळं करतो. कंटेंटमध्ये मॉडेल जी गोष्ट सांगतं ती. ते प्रदर्शनाला पैसे देणाऱ्या स्पॉन्सरकडे जातं.

"माणूस टेक्निकलमध्ये बसतो का बघ," सामंतसाहेब म्हणाले आणि फोनकडे वळले.

नादिन मंगळवारी आली. ती क्लायंटकडून आलेली प्रदर्शनाची कोऑर्डिनेटर, मूळची लेबनॉनची. आमचं बोलणं इंग्रजीत. तिने मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि बोट बरोबर फेट्यावर ठेवलं.

"हे दोघे कोण? ड्रॉइंगमध्ये नाहीत."

"ही टेक्निकल दुरुस्ती आहे," मी म्हटलं. "उंटांची रांग माणसाशिवाय चालत नाही. पुढच्या उंटाची दोरी कोणाच्या तरी हातात लागते." चाचांनी दोरी दाखवली. शिवणाच्या दोऱ्याचा एक धागा सोडवून त्यांनी पंधरा वेसणी केल्या होत्या. अशा दोरीने एक माणूस पंधरा उंट नेतो, हा खुलासा मी शीटवर लिहून खाली सही केली होती.

"माहितीच्या पॅनेलवर लिहिलंय की धाडसी शोधकांनी उंटांच्या मदतीने शहर वसवलं. तीन वेळा तपासून मंजूर झालंय."

"पॅनेल मी बदलत नाहीये. पण शेजारच्या कुवेतच्या मॉडेलमध्ये शत्त-अल-अरब नदीतून पाणी आणणारं गलबत आहे. त्यावर नाखवा आहे, खलाशी आहेत, पखालीवाला आहे. गलबत एकटं आलंय असं नाही दाखवलेलं."

नादिनने पुन्हा खाली वाकून दोऱ्याकडे पाहिलं. "फार बारीक काम आहे," ती चाचांना म्हणाली, आणि टेक्निकलच्या रकान्यात सही केली.

ती गेल्यावर चाचांनी सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या उंटवाल्याच्या दाढीत त्यांनी पांढरे केस काढले. "दादा का चाचा ऐसा ही होगा," म्हणाले.

इथे थांबले असते तर हे लिहायची गरज नव्हती.

पण शुक्रवारचं वाचन माझ्या डोक्यात अर्धं राहिलं होतं. ती जमीन रिकामी नव्हती. तिथे आधीपासून माणसं राहत होती. खडकातल्या खोलगट जागी पावसाचं पाणी साठतं, त्यावर पालापाचोळा झाकून ती ते जपत. शोधकांनी त्यांतल्या काहींना पकडून, खारवलेलं मांस खायला घालून, तहानेने पाण्याची जागा दाखवेपर्यंत दोरीला बांधून ठेवलं. मग त्या जागी उंट आले. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या घरात पितो. पंधरा उंटांनी ते कुंड कोरडं पडतं. आणि उंट कोणाचे, ते मला आता माहीत होतं.

मला मॉडेलच्या कडेला एक रिकामं कुंड हवं होतं, आणि शेजारी बसलेलं एक कुटुंब.

"कुंड जमिनीत जाईल, टेक्निकल," सामंतसाहेब म्हणाले. "कुटुंब कंटेंट. तू नादिनला विचारलंस की तिला स्पॉन्सरला विचारावं लागेल. म्हणजे शीट परत उघडली. उघडली की ते सगळंच बघतात. लालने बसवलेली माणसंही जातील. त्याला विचार आधी."

मी चाचांना विचारलं. सगळं सांगितलं, उंटांनी पाणी संपवल्याचंही.

"तो तुम दिखाओगी कि हमने उनका पानी पिया."

"हो."

"गोरे ने भेजा था हमको."

"हो. पण प्यायलं ते उंटांनीच."

त्यांनी ब्रश उचलला. दुपारभर तंबू रंगवत बसले. संध्याकाळी घरी, सबाह अल-सालेमला जाणारी गाडी पकडायला निघताना माझ्या टेबलापाशी आले.

"दादा बताते थे, चाचा बोलता था कि पानी के पास काले लोग बैठे रहते थे, दूर से देखते थे. क्यों बैठते थे, ये चाचा ने कभी नहीं बताया." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "भेज दो."

मी नादिनला मेल केला. मेलमध्ये दोन परिच्छेद जास्त लिहिले. सामंतसाहेबांनी वाचून दोन्ही काढले.

उत्तर दोन दिवसांनी आलं. कुंड चालेल, दिसायला चांगलं आहे. कुटुंब नको, विषय पाण्याचा आहे. उंटवाल्यांबद्दल शेवटी एक वाक्य होतं. 'आपल्याच खुलाशानुसार पंधरा उंटांना एक माणूस पुरतो, तर दोन कशासाठी? एक कमी करावा.'

खुलासा माझाच होता. खाली सहीही माझीच. मी तो मेल चाचांना वाचून दाखवला, हिंदीत, शब्दाला शब्द.

"हिसाब तो सही है," ते म्हणाले. पातळ पातं घेऊन त्यांनी मागचा उंटवाला बुडापासून सोडवला. गोंदाचा डाग खरवडला, त्यावर तांबडी माती भुरभुरवली. पांढऱ्या दाढीचा पुढचा माणूस राहिला. मी सॉरी म्हटलं. "ब्रश दो," ते म्हणाले.

डिलिव्हरीला दोन दिवस उरले होते. मी कुंडाच्या फाइलकडे पाहत होते. कुंडापर्यंत उंटांच्या रांगेची वाट होती, गावाकडून येणारी. दुसऱ्या बाजूला, जिथे गाव नाही, तंबू नाही, काही नाही, तिकडे कोरी तांबडी जमीन. पाण्याची जागा जिथे असते तिथे पायवाट असतेच. पायवाट म्हणजे जमीन. जमीन टेक्निकल.

मी चाचांना विचारलं, येईल का करता. त्यांनी करंगळीचं टोक ओलं करून मातीवरून हळूच ओढत नेलं. कुंडापासून मॉडेलच्या कडेपर्यंत. तीन वेळा, म्हणजे बऱ्याच पायांनी मळलेली वाटावी. कडेपाशी ती तुटते.

शेवटच्या तपासणीला नादिनला ती दिसली.

"ही कोणाची वाट?"

"टेक्निकलमध्ये जमीन म्हणून लिहिली आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सामंतसाहेबांकडे. ते प्रिंटरचा पंखा साफ करत होते. तिने सही केली.

प्रदर्शन सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिचा मेल आला. शाळेची मुलं येतात. उंट मोजतात, मग गाइडला विचारतात की या वाटेने कोण यायचं. गाइडकडे उत्तर नाही, पॅनेलवरही नाही. गाइडच्या टिपणाला स्पॉन्सरची मंजुरी लागत नाही, तेव्हा कृपया दोन ओळी पाठवाव्यात.

"दोनच हां," सामंतसाहेब म्हणाले. "पत्रक नको."

मी पाच पाठवल्या. तीन त्या वाटेने येणाऱ्यांबद्दल, दोन उंटवाल्यांबद्दल. पाचवीत काढून टाकलेल्या माणसाचाही उल्लेख होता. नादिनने चार ठेवल्या. कोणती गेली ते सांगायला नको. तो माणूस चाचांच्या ब्रश धुण्याच्या डब्याशेजारी उभा आहे, फेट्यावर आता टर्पेंटाइनचे डाग पडलेत.

जुन्या मॉडेलची फाइल मी अजूनही वापरते, वेळ वाचतो. फक्त आता तिच्यातून काय काय डिलीट केलं याची एक यादी करून ठेवते, आणि फाइल प्रिंटरला पाठवायच्या आधी ती यादी लाल चाचांना वाचून दाखवते.