तिरप्या उजेडाचे बाबूराव

बारामतीचे फोटोग्राफर बाबूराव रोज सूर्याला शिव्या घालत. ऊन माथ्यावर आलं की कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून आवाज येई, "आला बघा डोक्यावर! आता ह्यो दगडाला बोलू द्यायचा न्हाय."

तीस सालानंतरची ती वर्षं. मी पुण्याच्या एका संग्रहालयात कारकून होतो. बारामती-इंदापूरकडच्या वीरगळांचे, म्हणजे लढताना मेलेल्यांच्या स्मारकशिलांचे, फोटो जमवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं होतं. शिला इतक्या झिजलेल्या, की नुसत्या डोळ्यांना काही दिसत नसे. बाबूराव सलूनमधून मागून आणलेल्या आरशानं उन्हाची तिरीप दगडावर अगदी आडवी सोडत. बुजलेल्या रेघांत सावल्या भरत आणि कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर अख्खं चित्र उमटे. "समोरनं उजेड टाकला की दगड फौजदाराम्होरं उभा केल्यागत गप. बाजूनं टाका, समदं वकतो!" मला हा माणूस जादूगार वाटे, आणि तितकाच बढाईखोरही.

शेवटी पाळी आली त्यांच्याच कन्हेरी गावातल्या वीरगळाची. आपला मूळपुरुष घोड्यावरून तलवार चालवत पडला, असं त्यांचे वडील आबा सांगत. त्या पुण्याईवर दसऱ्याला गावातलं पहिलं सोनं आबांच्या हाती पडे.

बाबूरावांनी काच धुऊन उजेडात धरली. घोडा म्हणत होते तो लांडगा निघाला. तलवार ती काठी. पायाशी मेंढ्या.

"दुसरी काढ की समोरनं," आबा म्हणाले. "घोडाच दिसंल."

"दिसंल. पर मी बघितलंय न्हवं आता."

या एका वाक्यासाठी बाबूरावांच्या सगळ्या बढाया मी माफ केल्या. आबा मात्र तोंड फिरवून बसले. मी कारकुनाला शोभेल असं छताकडे बघत राहिलो. शेवटी आबांनी ती काच पुन्हा उजेडात धरायला लावली.

"पाठ दावलीया का त्यानं?"

"न्हाय आबा. लांडग्याकडं तोंड करूनच उभा हाय."

"मग धाड पुण्याला."

फोटो चावडीवर आबांनी स्वतःच नेऊन दाखवला. गाव पोट धरून हसलं आणि पहिल्या सोन्याचा मान पाटलांकडे गेला. दसऱ्याला मी मुद्दाम कन्हेरीला गेलो. आबा जन्मात पहिल्यांदा रांगेत उभे होते, मागे बाबूराव, जमिनीकडे बघत. पाटलांच्या हातावर आपट्याची पानं ठेवून आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आमचा लांडग्याम्होरं उभा ऱ्हायला, पाटील. तुमचा कुणाम्होरं?"