हा घास त्याचा समज

आसावरीताईंच्या घरून कुणी अर्धपोटी परतल्याचं ब्रिस्टलच्या आमच्या मराठी मंडळींत कुणाला आठवत नाही. नको म्हणणाऱ्याच्या ताटात त्या पोळी सारतात, आणि ताटावर हात आडवा धरला तर हातावर तूप वाढतात. तुमचा आग्रह म्हणजे निव्वळ छळ आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्या हसतात आणि आणखी वाढतात.

कौन्सिलमधून रिटायर झाल्यावर त्या गावाबाहेरच्या पक्षी-उद्यानात व्हॉलंटियर म्हणून फळं कापायला जाऊ लागल्या. बस धड नाही, म्हणून सोडायला मी. तिथे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या जंगलातल्या धनेशाची जोडी होती. नराची मान तांबूस, गळा निळा, पिवळ्या चोचीवर लालभडक टेंगूळ. ह्या पक्ष्यांची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. उरते एक उभी फट. त्या फटीतून नर तिला फळं भरवतो. 'नवरा असावा तर असा, आमच्या ह्यांना चहासुद्धा जमला नाही,' हे मी गाडीत कितीदा ऐकलं.

मे महिन्यात पिंजऱ्यात बसवलेल्या लाकडी ढोलीतून पिल्लाचा आवाज आला. मुलगा की मुलगी कळेना, म्हणून ताईंनी स्टाफला पेढे आणि बर्फी दोन्ही वाटली.

आणि त्याच आठवड्यात नर मेला. फुप्फुसाचा आजार होता, कुणाला आधी कळलाच नाही.

आत मादी, उडायची पिसं गळालेली, आणि पोटाशी पिल्लू. पक्ष्यांचं बघणाऱ्या हेलनने चिमट्याने फळं फटीशी धरली, तर मादी अंधारात मागे सरकली. ढोलीला मागून दार होतं, पण ते उघडलं तर घाबरून ती पिल्लाला तुडवेल, थोडं थांबू, असं व्हेटचं म्हणणं पडलं. मग ताईंनी चिमटा मागून घेतला.

त्या स्टुलावर चढल्या, मी स्टूल धरलं. द्राक्षं झाली, अंजीर झालं, पपई झाली. जन्मभर लोकांना जबरदस्तीने जेवू घालणारी ही बाई, आणि तिला कुणी दादच देईना. दुसऱ्या दिवशी पिल्लाचा आवाज बारीक झाला. मला त्या पक्षिणीचा संताप आला. हेलन खालमानेने उभी होती.

तिसऱ्या दिवशी आतून काहीच ऐकू येईना. ताईंनी चिमटा टाकला आणि पपईची फोड बोटांत धरून फटीशी नेली.

"खा गं बाई," त्या म्हणाल्या. "हा घास त्याचा समज."

चोच पुढे आली आणि तिने घास घेतला. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण चेहरा असा खुललेला की मीही हसले.

आत खुडबुड झाली. फटीतून काहीतरी हळूहळू बाहेर ढकललं गेलं. ताईंनी नकळत ओंजळ पुढे केली आणि पिल्लू त्यांच्या ओंजळीत पडलं. त्याला पिसंही फुटली नव्हती. ते गार होतं.

हेलनने ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

तेवढ्यात चोच पुन्हा फटीतून बाहेर आली, दुसऱ्या घासासाठी. ताईंनी पदराला हात पुसले आणि तिला भरवलं. दुसरं काय करणार होत्या?